हातावरचा इतिहास

इतिहास लिहिणाऱ्यांना टिकणाऱ्या वस्तू आवडतात. शिलालेख, ताम्रपट, नाणी, फर्माने, किल्ल्यांचे बुरूज. आपल्या बीड जिल्ह्याचा इतिहास सांगायचा म्हटले, तरी आधी खजाना विहीर आठवते, धारूरचा किल्ला आठवतो, अंबाजोगाईची देवळे आणि बीडमधला शहेनशाहवलींचा दर्गा आठवतो. दगडात आणि चुन्यात जे उरले त्याची नोंद झाली. जे हातावर उमटले आणि पंधरा दिवसांत पुसले गेले, त्याची नोंद कोणी ठेवायची? मेंदी ही अशी पुसली जाणारी गोष्ट. शिवाय ती बायकांची. म्हणून तिच्याकडे इतिहासाने दुहेरी दुर्लक्ष केले. आमच्या मते आपल्या समाजाचा, विशेषतः आपल्या आया-बहिणींचा इतिहास जितका मेंदीत सापडतो तितका तो फर्मानांत सापडणार नाही. त्यात आनंद आहे, श्रम आहेत, शेजार आहे आणि एक मोठा अन्यायही आहे. त्या अन्यायाकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

श्रावणातला पाला

बीड तालुक्यातला नारायणगड आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. डोंगरावरचे हे विठ्ठलाचे ठाणे नारायण महाराजांच्या नावाने ओळखले जाते आणि लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला गड माणसांनी फुलतो. गडाभोवतीचा मुलूख मात्र कोरडा. बालाघाटच्या रांगा, हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस. दसरा झाला की या भागातली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा मुलखात मेंदीचे झुडूप तग धरते ते त्याच्या चिवटपणामुळे. त्याला फार पाणी लागत नाही, शेळ्या-गुरे त्याच्या फार वाटेला जात नाहीत, म्हणून ते कुंपणाला लावतात. बाग राखता राखता ते सणाच्या उपयोगी पडते.

या भागातले मेंदीचे पंचांग पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मराठवाड्यात मेंदीचा मोठा सण म्हणजे नागपंचमी. पंचमीच्या आदल्या दिवशी पाला तोडायचा, पाट्यावर वाटायचा आणि रात्री मुठी बांधून झोपायचे. दुसऱ्या दिवशी झोके आणि फेर. हा सण श्रावणात येतो, म्हणजे तोडीला जाणारी बाई घरी असते तेव्हा. कोयत्याने आणि पाचटाने चिरलेले तळहात तोवर थोडे भरून आलेले असतात. त्या हातांना वर्षातून एकदा रंग मिळतो. आपली ईद चांद्रवर्षाने फिरते. ती कधी पावसाळ्यात येते, कधी ऐन गाळप हंगामात. ज्या वर्षी ती हंगामात येते त्या वर्षी फडावरच्या कोपीत चाँदरात उजाडते आणि मेंदी होईलच असे नाही.

गावांत आपली घरे थोडी. चार, दहा, फार तर वीस. मोहल्ला म्हणावा इतकीही वस्ती नसते. त्यामुळे मेंदीचे झाड कोणाच्या कुंपणाचे, पाटा कोणाचा आणि वाटणारी कोण, हा हिशेब गावांत कधी धर्मावर झाला नाही. पंचमीला ज्या पाट्यावर मेंदी वाटली जाई, त्याच्याभोवती आपल्या मुलीही हात पुढे करून बसत. चाँदरातीला आपल्या अंगणात शेजारच्या मावशी-काकूंच्या लेकी येत. यात्रेत आणि उरुसात बांगड्या भरणारा मनियार बहुधा आपल्यातला असे. त्याच्या पेटीशेजारी मेंदीची पूड ठेवलेली असे. बाई कोणत्या देवाला आली आहे हे न विचारता तो तिचा हात हातात घेई. शेख महंमदांसारखा संतकवी याच जिल्ह्यातल्या वाहिरे गावचा मानला जातो. मुसलमान राहून त्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. जिथे अशी माणसे जन्मतात, तिथे पाट्यावरची मेंदी वेगळी कशी राहणार?

हे सांगण्याचे कारण आहे. २०२१ साली उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगरात तीजच्या सणाला मुसलमान मुलांकडून हिंदू बायकांनी मेंदी लावून घेऊ नये, असा दंडेलीचा प्रकार झाला. बाजारात फिरून मेंदी लावणाऱ्यांचे धर्म तपासले गेले. दुसऱ्या बाजूला आपल्यातलेही काही लोक मेंदीला 'इस्लामी संस्कृती' म्हणून आपल्या मालकीची करू पाहतात. दोघांनीही या झाडाचा इतिहास वाचलेला नाही.

झाड कोणाचे?

या झाडाचा इतिहास पुण्यात बसून एका मराठी संशोधकाने धुंडाळला होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४७ साली संस्थेच्या नियतकालिकात मेंदीच्या इतिहासावर स्वतंत्र लेख लिहिला. इसवी सनापूर्वी २००० पासून इसवी सन १८५० पर्यंतचा काळ त्यांनी विचारात घेतला. देश फाळणीच्या आगीत होरपळत असताना एक पंडित बायकांच्या हातावरच्या रंगाचे पुरावे गोळा करतो, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

मेंदीचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. हे नाव लिनिअसने १७५३ मध्ये दिले. उत्तर आफ्रिका, अरबस्तान, इराण आणि भारत अशा उष्ण, कोरड्या पट्ट्यात हे झुडूप वाढते. प्राचीन मिसरमध्ये ते केसांना लावत. दुसऱ्या रामसेसची ममी १९७६ साली पॅरिसला नेली गेली, तेव्हा त्याचे म्हातारपणी पांढरे झालेले केस मेंदीने रंगवलेले असल्याचे आढळले. बायबलच्या जुन्या करारातील गीतरत्नात मेंदीच्या फुलांचा उल्लेख आहे. म्हणजे यहुद्यांनाही ती प्रिय होती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मदयंतिका नावाची वनस्पती येते. ती मेंदीच, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींना ते मान्य नाही. अरबी हिन्ना, फारसी हिना, मराठी मेंदी, दखनी मेहंदी अशी नावे बदलत गेली. रंग एकच राहिला.

तेव्हा हे झाड इस्लामच्या आधीचे आहे आणि हिंदुस्थानापुरतेही नाही. मुसलमानांनी मेंदी निर्माण केली नाही. तिला त्यांनी आपलेसे केले, तिचा प्रसार केला आणि तिला रीत दिली. हे श्रेय कमी नाही. पण ते मालकी हक्काचे नाही.

दीन आणि मेंदी

आपल्या दीनमध्ये मेंदीला स्थान आहे ते दोन अंगांनी. एक औषध म्हणून आणि दुसरे शृंगार म्हणून. तिर्मिझीच्या संग्रहात सलमा नावाच्या सेविकेची रिवायत आहे. पैगंबरांना (स.) जखम झाली किंवा काटा रुतला की ते तिला त्या जागी मेंदी लावायला सांगत. हजरत अबू बकर (रजि.) दाढीला मेंदी आणि कतम नावाच्या पाल्याचा खिजाब करीत. आपल्याकडच्या हाजीसाहेबांची लाल दाढी या परंपरेतून आलेली आहे.

अबू दाऊदच्या संग्रहातील एक रिवायत बायकांच्या मेंदीबद्दल आहे. एका बाईने पडद्याआडून पैगंबरांना (स.) पत्र देण्यासाठी हात पुढे केला. हा हात पुरुषाचा की स्त्रीचा हे कळत नाही, असे ते म्हणाले. स्त्रीचा आहे म्हटल्यावर, मग नखांना मेंदी तरी लावायची, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. काही हदीसतज्ज्ञ या रिवायतीची सनद कमजोर मानतात. याच संग्रहात बीबी आयेशांचे (रजि.) म्हणणेही आहे. मेंदीला हरकत नाही, पण मला ती आवडत नाही, कारण माझ्या प्रियतमाला तिचा वास आवडत नसे, असे त्या म्हणतात. आम्हाला या दोन्ही रिवायती एकत्र वाचाव्याशा वाटतात. मेंदी लावणे चांगले, पण ती लावलीच पाहिजे अशी सक्ती नाही. घरातल्या माणसाच्या आवडीनिवडीलाही तिथे जागा आहे.

मसल्याचा एक प्रश्न आपल्या मुली नेहमी विचारतात. मेंदी लावल्यावर वुजू होतो का? मेंदीचा रंग हा त्वचेतच मुरलेला असतो, त्याचा थर नसतो. त्यामुळे पाणी त्वचेला लागते आणि वुजू होतो. मात्र ओल्या किंवा वाळलेल्या मेंदीचा लेप हातावर असताना वुजू होत नाही. तो काढावा लागतो. नेलपॉलिश आणि मेंदी यांत फरक आहे तो हाच. म्हणून जुन्या बायका इशाची नमाज आटोपून मेंदी लावायला बसत आणि फजरला ती खरवडून काढत. रात्रभराचा हा वेळ रंगालाही पुरेसा होई आणि नमाजही चुकत नसे.

दखनी लग्न आणि कासिमची मेंदी

बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे आपल्या लग्नांच्या रीती हैदराबादी वळणाच्या. हळद, मेंदी, सांचक, निकाह, जलवा, वलीमा आणि पुढच्या जुमेगीच्या दावती. दख्खनमधल्या मुसलमानांच्या या रीतींची सविस्तर नोंद जाफर शरीफ या दखनी लेखकाने केली. हर्क्लोट्स नावाच्या डॉक्टरने ती 'कानून-ए-इस्लाम' या नावाने इंग्रजीत आणून १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या पुस्तकात लग्नातल्या हळदीची आणि मेंदीची वर्णने आहेत. वाचताना वाटते, आपल्या नानी-दादींनी सांगितलेलेच कोणी लिहून ठेवले आहे.

मेंदीच्या रात्री ढोलक असे. सासरच्यांची टिंगल करणारी, माहेर सुटण्याचे दुःख सांगणारी दखनी गाणी असत. ती गाणी कोणी रचली हे कोणालाच माहीत नाही. नवऱ्या मुलालाही करंगळीला किंवा तळहाताला मेंदीचा टिपका लावत. साल्या बोट धरून ठेवत आणि नेग घेतल्याशिवाय सोडत नसत. पुरुषांनी हातापायांवर नक्षी काढू नये असे बहुतेक उलेमांचे मत असल्याने आता ही रीत कमी झाली आहे.

आपल्या मेंदीला दुःखाचेही एक टोक आहे. दख्खनमध्ये मोहरमच्या सातव्या तारखेला हजरत कासिमच्या नावाने मेंदी निघते. इमाम हसन यांचा हा तरुण मुलगा करबलाच्या रणात शहीद झाला. शहादतीच्या आधी त्याचे लग्न लावले गेले, अशी कथा लोकांत रूढ झाली. इतिहासकार ती मान्य करीत नाहीत. तरीही शेकडो वर्षे लोकांनी ती जपली. हैदराबादच्या आशुरखान्यांपासून मराठवाड्यातल्या पंजे-सवाऱ्यांच्या गावांपर्यंत मोहरममध्ये हिंदूही सामील होत आले. कासिमच्या मेंदीची कथा ही खरे पाहता एका नव्या नवरीची कथा आहे. सकाळी हाताला मेंदी आणि संध्याकाळी वैधव्य. लोकांच्या मनात मेंदी आणि वैधव्य यांची गाठ कशी पडली, हे समजायला ही कथा उपयोगी पडते.

पाटा ते कोन

मेंदी लावणे हे काम होते आणि ते कोणीतरी करीत होते. शहरातल्या मोठ्या घरांत मेंदी वाटायला आणि लावायला हज्जामाच्या घरची बाई येई. तिला धान्य, साडी-चोळी किंवा नेग मिळे. गावांत हे काम खाला, फुफू, शेजारणी करीत. त्यांच्यापैकी एकीचेही नाव कुठल्या कागदावर नाही.

त्या काळी आजच्यासारखी बारीक नक्षी नव्हती. तळहाताच्या मधोमध मोठा चंद्र, भोवती ठिपके आणि बोटांच्या टोकांना टोपण. सर्वात सोपी रीत म्हणजे वाटलेल्या मेंदीचा गोळा मुठीत धरायचा आणि वरून फडके बांधून झोपायचे. सकाळी मूठ उघडली की बोटांच्या मधल्या रेषा पांढऱ्या आणि बाकी तळहात लाल. नक्षी काढायची तर आगकाडी किंवा खराट्याची काडी पुरे. वाटताना कोणी कात घाली, कोणी चिंचेचे पाणी, कोणी चहाचा काढा, कोणी लिंबू. प्रत्येक घराचे आपले एक गुपित असे.

मग पुडीची मेंदी आली. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातील सोजत ही तिची मोठी पेठ. २०२१ मध्ये सोजतच्या मेंदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पुडीपाठोपाठ प्लॅस्टिकचा कोन आला आणि त्याने सारेच बदलले. आगकाडीने न जमणारी बारीक वेल, जाळी, मोर कोनाने जमू लागले. १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आला. त्यातल्या पंजाबी लग्नाने महाराष्ट्रातल्या हिंदू लग्नांतही मेंदीचा स्वतंत्र कार्यक्रम रुजायला मदत केली. त्याआधी तिथे मान हळदीचा होता. या मागणीतून आपल्या मुलींना एक काम मिळाले. दहावी-बारावीनंतर घरी बसलेल्या मुली मेंदीच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. घराबाहेर पडू न देणारे वडीलसुद्धा लग्नघरी मेंदी लावायला जाऊ देतात, कारण तिथे सगळ्या बायकाच असतात. या कमाईतून कोणी पुढचे शिक्षण घेतले, कोणी शिलाई मशीन घेतले. हा आपल्या समाजातल्या बायकांच्या श्रमाचा ताजा इतिहास आहे. तोही कोणीतरी लिहिला पाहिजे.

रंग कसा चढतो, कसा टिकतो

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे द्रव्य असते. पानाच्या वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के. पान वाटून त्यात लिंबासारखे आंबट घालून भिजवले की ते मोकळे होते आणि त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते. तळहात आणि तळपाय यांची त्वचा जाड, म्हणून तिथे रंग सर्वात गडद. मनगटावर आणि हाताच्या पाठीवर तो फिका पडतो. लेप काढल्यावर रंग आधी केशरी दिसतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत हवेने गडद होत जातो. त्वचेचा वरचा थर झडत जातो तसा रंगही जातो. म्हणून मेंदी एक ते तीन आठवडे टिकते.

एवढे कळले की जुन्या बायकांच्या रीतींचा अर्थ लागतो. लेप सहा-आठ तास ठेवायचा, म्हणून रात्री लावायची. वाळून तडकू नये म्हणून लिंबू-साखरेचे पाणी कापसाने टिपायचे. ते थोडेच टिपावे, फार झाले तर नक्षी पसरते. सकाळी लेप पाण्याने धुवायचा नाही, बोथट सुरीच्या पाठीने किंवा हाताला हात चोळून काढायचा. वुजूसाठी पाणी लागणारच. ते साधे असावे, साबण नको, आणि हात पुसून त्यावर तेलाचे बोट फिरवावे. धुण्या-भांड्यांचे काम शक्य असेल तर दिवसभर टाळावे. तव्यावर लवंगा टाकून त्या धुरावर हात धरण्याची पद्धत आहे. त्यात हातांना मिळणारी ऊब महत्त्वाची, कारण उबेने रंग चांगला धरतो. पुढचे काही दिवस पाण्यात हात घालण्याआधी खोबरेल किंवा मोहरीचे तेल लावले तर रंग जास्त दिवस टिकतो. सोडा, ब्लीच आणि घासणी हे मेंदीचे शत्रू.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. नवरीची मेंदी जितकी गडद तितका नवरा किंवा सासू प्रेमळ, असे गंमतीने म्हणतात. ही गंमत कधी कधी टोमण्यावर जाते. मेंदी फिकी आली म्हणून एखाद्या मुलीला पहिल्याच दिवशी बोल लावले जातात. रंग ठरतो तो त्वचेच्या जाडीवर, हाताच्या उबेवर, पानाच्या ताजेपणावर आणि लेप किती वेळ राहिला यावर. त्याचा कोणाच्या प्रेमाशी संबंध नाही.

आता धोक्याची बाब. खरी मेंदी कधीच काळी नसते आणि ती पाच मिनिटांत रंगत नाही. 'काळी मेंदी' म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा पॅराफिनिलीनडायमिन हे केसांच्या कलपातले रसायन असते. त्याने त्वचेवर फोड येतात, कधी नक्षीच्या आकाराचे व्रण राहतात आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे आयुष्यभर केसांचा कलपही बाधतो. युरोपात हे रसायन केसांच्या रंगात ठराविक मर्यादेत चालते, त्वचेवर लावायला परवानगी नाही. झटपट रंग देणाऱ्या कोनांत सोडियम पिक्रामेटसारखी रसायनेही आढळली आहेत. रॉकेलसारखा उग्र वास, अगदी काळा रंग आणि झटपट रंगण्याचा दावा, यांपैकी काहीही दिसले तर तो कोन हाती घेऊ नये. चाँदरातीला गर्दीत घेतलेला स्वस्त कोन लेकरांच्या हाताला लावताना हे लक्षात ठेवावे.

दुसरी काळजी तान्ह्या बाळांची. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असते. ही कमतरता मुलांत अधिक दिसते. अशा बाळांच्या अंगाला अगदी शुद्ध मेंदी लावली, तरी लॉसोन त्वचेतून शिरून तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ-पंडुरोग होतो. अरब देशांतील डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. छठी-अकीक्याच्या कौतुकात तान्ह्याच्या तळव्यांना मेंदी थापण्याची हौस नको.

कोणाचे हात कोरे?

आता आम्ही सुरुवातीला म्हटलेल्या अन्यायाकडे येतो. लग्नघरात मेंदीचे ताट फिरते तेव्हा एका कोपऱ्यात काही बायका हात पदराखाली घेऊन बसलेल्या असतात. त्यांना कोणी विचारत नाही आणि विचारले तर त्याच 'आम्हाला कशाला आता' म्हणतात. त्या विधवा असतात. कोणाचा नवरा आजाराने गेलेला, कोणाचा अपघातात, कोणाचा २०२०-२१ च्या कोरोनात. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांचाही जिल्हा आहे. तिशीच्या आत विधवा झालेल्या बायका आपल्या गावोगाव आहेत. नवरा गेला की बांगड्या फुटतात, गळ्यातला लच्छा उतरतो आणि मेंदी कायमची जाते.

दीन काय सांगतो? कुरआनच्या सूरह बकरामध्ये विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची सांगितली आहे आणि गरोदर असेल तर ती प्रसूतीपर्यंत, असे सूरह तलाकमध्ये आहे. या मुदतीत तिने शृंगार करू नये. खिजाब लावू नये, सुरमा घालू नये, अशी रिवायत बीबी उम्मे सलमांकडून (रजि.) आली आहे. बस, एवढीच मुदत. ही रिवायत सांगणाऱ्या उम्मे सलमा कोण होत्या? अबू सलमांच्या विधवा. इद्दत संपल्यावर त्या पैगंबरांच्या (स.) पत्नी झाल्या. बीबी खदीजा, बीबी सौदा, बीबी हफ्सा याही विधवा होत्या.

याहून स्पष्ट उदाहरण सुबैआ अस्लमिया यांचे आहे. त्यांचे पती साद बिन खौला वारले तेव्हा त्या गरोदर होत्या. काही दिवसांत बाळंत झाल्या. निफास संपल्यावर त्या मागणी घालणाऱ्यांसाठी नटल्या. एका गृहस्थाने त्यांना टोकले, की चार महिने दहा दिवस होण्याआधी तुला लग्न करता येणार नाही. सुबैआ गप्प बसल्या नाहीत. थेट पैगंबरांकडे (स.) गेल्या आणि तू मोकळी आहेस, हवे तर लग्न कर, असा निर्णय घेऊन आल्या. ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मुसनद अहमदमधल्या कथनात त्यांनी सुरमा घातला होता आणि मेंदी लावली होती, असा उल्लेख आहे. चौदाशे वर्षांपूर्वी एका विधवेचे हात मेंदीने रंगलेले होते. तिला टोकणारा एक सभ्य गृहस्थ होता आणि पैगंबरांनी बाजू घेतली ती तिची.

मग आपल्या विधवांचे हात कोरे कोणी ठेवले? ही रीत शेजारून आली, असे म्हणून आपण हात झटकू शकतो. शेजारी विधवेवर जन्मभराची बंधने होती, हे खरे आहे. पण ज्यांच्याकडून रीत घेतली म्हणतो, ते ती मोडायला निघाले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले. त्यांना जुन्या धर्मरूढीशी झगडून हे करावे लागले. आपल्याला तर कोणाशी झगडायचेही नाही. आपल्या किताबातच ती परवानगी आहे. तरीही आपण रूढीला दीन मानून बसलो आणि दीनमध्ये दिलेली सवलत मात्र विसरलो.

विधवेने मेंदी लावलीच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. तिच्या मनात नसेल तर नसेल. पण ताट तिच्यापुढून निघून जाऊ नये. कोन हातात घेऊन ऑर्डरीला जाणाऱ्या आपल्या मुलींना हे सहज करता येईल. लग्नघरी कोपऱ्यात बसलेल्या खालाला, मावशीला त्यांनी एकदा म्हणावे, हात पुढे करा. हे मौलवीसाहेबांनी जुम्याच्या खुतब्यात सांगितले तर फारच चांगले. सुबैआंची रिवायत खुतब्यात किती वेळा ऐकली, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

मेंदीची निगा म्हणजे लिंबू, साखर आणि तेल इतकेच नव्हे. मेंदी कोणाच्या हाताला लागते आणि कोणाच्या नाही, याचीही निगा राखावी लागते. पाट्याभोवती शेजारच्या लेकीला जागा होती, तशी ती घरातल्या विधवेलाही असायला हवी. गडाच्या पायथ्याच्या गावांत श्रावण येईल, पाला तोडला जाईल, कधी त्याच सुमारास ईदही येईल. त्या वेळी वाटलेल्या मेंदीतला एक गोळा त्या कोऱ्या हातांसाठी बाजूला काढून ठेवावा. आपल्या मेंदीच्या इतिहासात हे पान अजून लिहायचे राहिले आहे.